‘कर्मण्येवाधिकारस्ते’ आणि माझं अप्रेझल

घाटवाट | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात अप्रेझल झालं. टीममधला एक जण जूनमध्ये सोडून गेला, त्याच्या जागी कोणी आलंच नाही, त्यामुळे वर्षभर दोघांचं काम मी एकट्याने ओढलं. हातात पडली ती वाढ महागाईलाही पुरणार नाही. साहेबांना विचारलं, तर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “अरे, तू घरी गीता वाचतोस ना? कर्मण्येवाधिकारस्ते! फळाकडे बघायचं नाही.”

मी गप्प. गंमत म्हणजे क्षणभर मला पटलंसुद्धा. वाटलं, खरंच की, आपणच हावरटासारखं करतोय. लिफ्टने खाली येईपर्यंत मात्र कानशिलं तापली होती.

आमचे आजोबा जेवणाआधी पंधरावा अध्याय म्हणायचे, तिथून मला वाचायची सवय लागली. आजवर त्याचा आधारच वाटला. पहिल्यांदा कोणीतरी तोच श्लोक माझ्या तोंडावर बोळ्यासारखा कोंबला.

तर प्रश्न असा: हे जुनं शहाणपण तुमच्यापैकी कोणी रोजच्या जगण्यात वापरून पाहिलंय का? उपयोग झाला असेल तर सांगा, तोंडावर आपटला असाल तर जरूर सांगा. फक्त फॉरवर्ड नकोत. ते घरच्या ग्रुपवर सकाळी सहापासून येतात.

पोहेविथशेव | १०:२०

साहेबांना सांगा, ‘मा फलेषु’ तुम्हालाही लागू आहे. डिलिव्हरीच्या तारखेकडे बघायचं नाही.

टिकटिकवाला | १०:२३

पोहेविथशेव +१. ऑफिसात श्लोक नेहमी वरून खालीच येतो, खालून वर गेलेला पाहिला नाही.

नीरक्षीरे | ११:०५

घाटवाट, तुमच्या साहेबांनी अर्धाच श्लोक सांगितला. पूर्ण असा:

कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन ।
मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते संगोऽस्त्वकर्मणि ॥ (२.४७)

पहिला चरण सगळ्यांना पाठ, चौथा कोणालाच नाही. चौथा म्हणतो, काम न करण्याचीही ओढ नको. यात ‘मोबदला मागू नकोस’ कुठे आलं? फळ म्हणजे कामातून पुढे जे निष्पन्न होईल ते, कारण त्यावर आपला ताबा नसतो. पगार हा दोन पक्षांमधला करार आहे. शेतकऱ्याला ‘पावसावर जीव टांगून ठेवू नकोस’ म्हणणं वेगळं आणि अडत्याने ‘तुझ्या धान्याचे पैसे देत नाही’ म्हणणं वेगळं.

आता हा श्लोक कोण, कोणाला, कधी सांगतोय ते बघा. त्याआधीचं उद्योगपर्व काढा. युधिष्ठिर अर्ध्या राज्यावरून पाच गावांपर्यंत खाली उतरतो. चार गावं तर नावं घेऊन मागतो: अविस्थल, वृकस्थल, माकंदी, वारणावत (एखाद्या नावात पाठभेद आहे). पाचवं म्हणतो, तुम्हाला वाटेल ते द्या. मग कृष्ण स्वतः शिष्टाईला हस्तिनापुरात जातो. दुर्योधन सुईच्या अग्राएवढी जमीनही द्यायला तयार होत नाही, तेव्हा कुठे युद्ध ठरतं. म्हणजे ‘फळाची आस नको’ सांगणारा हा गृहस्थ आधी हक्काच्या वाट्यासाठी भर दरबारात घासाघीस करून आलेला आहे. अर्जुनालाही तो ‘राज्य सोड’ म्हणत नाही. उलट अर्जुन सोडायला निघाला होता, त्याला थांबवतोय.

आपल्याकडे टिळकांचंच उदाहरण घ्या. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ मध्ये गीतारहस्य लिहिलं, १९१४ मध्ये सुटले, १९१५ मध्ये पुस्तक छापून आलं आणि १९१६ मध्ये होमरूल लीग काढली. निष्काम कर्म म्हणजे मागणं सोडणं, असा अर्थ त्यांना लागला असता तर घरीच बसले असते.

पोहेविथशेव | ११:०९

म्हणजे कृष्णशिष्टाई ही मूळ अप्रेझल मीटिंग! आणि रेटिंग मिळालं ‘सुईच्या अग्राएवढं’.

घाटवाट | ११:३१

नीरक्षीरे, पाच गावांचं डोक्यातच आलं नव्हतं. लहानपणापासून ऐकलंय, पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहिल्याच नाहीत. विचार करतो.

कंदिलाचीकाच | मंगळवार, सकाळी ७:४८

रात्रीपासून वाचतेय. सगळे ऑफिसबद्दल बोलताय म्हणून जरा स्वयंपाकघरातून आवाज देते.

निष्काम कर्म कोणाला शिकवायचं हे आपल्याकडे आधीच ठरलेलं असतं. माझ्या आईला कोणी श्लोक म्हणून दाखवला नाही, थेट पोळपाट हातात दिला. ती कधी आजारी पडली तर ‘अगंबाई, आता जेवणाचं कसं’ हा पहिला प्रश्न असायचा. तिचं औषध दुसरा.

उपनिषदांतली स्त्री म्हटलं की सगळे गार्गी-मैत्रेयीचं नाव घेतात. मैत्रेयीची गोष्ट मलाही आवडते. याज्ञवल्क्य घर सोडायला निघालाय, दोघी बायकांत वाटणी करतोय, आणि ती विचारते, ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू? पण दुसरी बायको कात्यायनी. तिच्याबद्दल बृहदारण्यकात जेमतेम एक शब्द आहे, ‘स्त्रीप्रज्ञा’, म्हणजे बायकी बुद्धीची. मला नेहमी वाटतं की ब्रह्मचर्चा चालायची तेव्हा आश्रमातल्या गाई हीच बांधत असणार.

मी काय वापरलं ते सांगते. ‘अधिकार’ हा शब्द वापरला. कर्मावर अधिकार माझा असेल, तर ते कधी करायचं आणि कधी नाही यावरही माझाच. रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघर बंद. पहिले दोन रविवार घरात सुतकी चेहरे होते. आता नवऱ्याची पिठलं-भाताची मक्तेदारी आहे आणि तो त्याची स्तुतीही ऐकून घेतो. निष्काम नाही झालाय अजून.

टिकटिकवाला | ८:०२

शेवटच्या वाक्याला दंडवत, ताई.

जुनेलेजर | ८:५५

बँकेतून निवृत्त होऊन ९ वर्षे झाली. नोकरीतला बराच काळ तपासणी विभागात गेला, म्हणून माझे दोन शब्द.

व्हॉट्सअ‍ॅपवर चाणक्याच्या नावाने जे फिरते त्यातले बरेचसे अर्थशास्त्रात सापडत नाही. मूळ ग्रंथ फार कोरडा आहे आणि म्हणूनच मला प्रिय आहे. दुसऱ्या अधिकरणात सरकारी पैसा खाण्याचे ४० मार्ग मोजून दिले आहेत. पुढे म्हटले आहे की पाण्यात फिरणारा मासा पाणी कधी पितो हे जसे कळत नाही, तसे कामावर नेमलेला माणूस पैसा कधी खातो हे कळत नाही. तपासणीला निघालो की हे वाक्य मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहीत असे. त्याचा उपयोग असा, की एखाद्या शाखेत सगळे व्यवस्थित दिसले की मी आणखी एक दिवस थांबे.

आणखी एक वाक्य मात्र उशिरा कळले. कौटिल्य राजाला सांगतो, धर्म आणि अर्थाला बाधा न आणता काम सेवावा, ‘न निःसुखः स्यात्’. सुखावाचून राहू नये. इतका रुक्ष माणूस हे सांगतो! मी ३४ वर्षे नोकरीत हे केले नाही. मुलीच्या शाळेचे एकही स्नेहसंमेलन पाहिले नाही.

तिरकीरेघ | १०:४०

सगळं छान चाललंय म्हणून मुद्दाम खडा टाकतो.

तुम्ही सगळे निवडून घेताय. पाच गावं घेतली, कात्यायनीवरून टोमणा मारला, मासा घेतला. मनुस्मृतीही प्राचीनच आहे, आणि २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळावी लागली. ज्यांच्या खापरपणजोबांना यातला शब्द कानावर पडू द्यायचीही बंदी होती, त्यांना ‘आपलं प्राचीन शहाणपण’ म्हणताना त्यातला ‘आपलं’ घशात अडकतो. मला अडकतो.

आणि निवडता कशाच्या बळावर? आजच्या विवेकाच्या. मग विवेक पुरेसा आहे की. ग्रंथ कशाला हवा? घाटवाटांना वाढ कमी मिळाली, तर एक्सेल शीट काढा, केलेल्या कामाची यादी करा, बाजारभाव बघा. यात वारणावत कुठून आलं?

पोहेविथशेव | १०:४४

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

नीरक्षीरे | ११:५०

तिरकीरेघ, ‘आपलं’ या शब्दाबद्दल तुम्ही म्हणता त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ओढूनताणून देणारही नाही.

निवडण्याबद्दल मात्र बोलतो. अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण म्हणतो, ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’. याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. निवड करायला ग्रंथच सांगतोय.

तिरकीरेघ | ११:५८

अर्जुनाला सांगतोय. एकलव्याला नाही.

कंदिलाचीकाच | १२:०३

कात्यायनीलाही नाही.

अकराव्यादिवशी | दुपारी १:३०

तिरकीरेघ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी वेगळ्या वाटेने आलो. आमच्या घरात १९५६ पासून गीता नाही, बुद्धवंदना आहे. केसपुत्त गावच्या कालामांनी बुद्धाला हेच विचारलं होतं, की जो येतो तो आपलंच खरं म्हणतो, आम्ही धरायचं काय? उत्तर साधारण असं: परंपरेने चालत आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून धरू नका. स्वतः पारखा, आणि हे अहिताचं आहे असं कळलं की सोडा. म्हणजे विवेक हाही जुनाच आहे, काल बाजारात आलेला नाही.

अनुभव विचारलाय म्हणून सांगतो. इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. फोन जमा, पहाटे ४ ला घंटा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बॅग भरली होती. शेजारचे एक आजोबा गुडघे दुखत असूनही मांडी घालून बसत, त्यांच्याकडे बघून परत उघडली. सहाव्या-सातव्या दिवशी राग कुठे सुरू होतो ते अंगात दिसायला लागलं. माझा पोटाच्या वरच्या बाजूला सुरू होतो.

अकराव्या दिवशी सकाळी निघालो, कसारा घाट उतरलो आणि पडघ्याच्या टोलनाक्यावर एकाने गाडी मध्ये घातली. मी काच खाली करून असं काही बोललो की बायको म्हणाली, दहा दिवसांचं सगळं साठवून ठेवलं होतंस का?

पण फरक एक पडला. शिवी देताना पोटाच्या वरच्या बाजूला काय होतंय ते कळत होतं. शिवी थांबली नाही. पूर्वी राग तासभर टिकायचा, आता भिवंडी यायच्या आत उतरतो.

टिकटिकवाला | १:३६

भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये राग उतरणे हीच खरी सिद्धी. आयडी का घेतला ते आत्ता कळलं.

काढाकषाय | दुपारी ३:१५

आयुर्वेदाचा दवाखाना चालवते, २२ वर्षं. इथे अजून शरीराकडे कोणी आलंच नाही!

रुग्ण येतात आणि सांगतात, ‘डॉक्टर, ब्राह्ममुहूर्तावर उठतो.’ झोपता कधी? एक वाजता. वाग्भटाचं वाक्य आहे, ‘ब्राह्मे मुहूर्त उत्तिष्ठेत् स्वस्थो रक्षार्थमायुषः’. त्यात ‘स्वस्थो’ शब्द आहे हो! निरोगी माणसाने उठावं. रात्रपाळीहून आलेल्या, तापातून उठलेल्या किंवा तान्हं बाळ पदरात असलेल्या माणसाने नाही. एका शब्दाकडे दुर्लक्ष करून किती जण दिवसभर पेंगतात.

मी स्वतः रोज वापरते तो चरकातला ‘न वेगान्धारणीय’ अध्याय. अडवू नयेत असे १३ वेग सांगितलेत: मूत्र, मल, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप वगैरे. माझ्याकडे शिक्षिका येतात, सिग्नलवरच्या वाहतूक पोलीस बायका येतात. सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळपर्यंत लघवीला जायचं नाही, कारण जागाच नाही किंवा असलेली वापरण्याजोगी नाही. म्हणून पाणीच प्यायचं नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा. त्यांना मी काढे देऊ की बांधकाम खात्याला चिठ्ठी लिहू? ऋषींनी सांगितलं ते पाळायचं तर आधी स्वच्छ संडास हवा.

अश्रूही त्या यादीत आहेत, हे पुरुष मंडळींनी लक्षात घ्यावं.

आणि त्याच अध्यायात लगेच उलटी यादी आहे, अडवायलाच हवेत असे वेग. लोभ, क्रोध, ईर्ष्या हे अपेक्षितच. पण वाणीचेही आहेत: कठोर बोलणं, अति बोलणं, चहाडी, खोटं आणि ‘अकालयुक्त’, म्हणजे अवेळी बोललेलं. आपण नेमकं उलट करतो. मीटिंगमध्ये लघवी दाबून धरतो आणि मनात आलेलं लगेच ग्रुपवर टाकतो.

पोहेविथशेव | ३:१९

सकाळी ६ चे सुविचार ‘अकालयुक्त’मध्ये मोडतात का, डॉक्टर?

काढाकषाय | ३:२२

अतिमात्र, अकालयुक्त आणि बहुतेक वेळा अनृत. तिन्ही.

जुनेलेजर | संध्याकाळी ५:१०

थोडे अवांतर. आश्रमव्यवस्थेबद्दल कोणीच बोलले नाही. सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि अपत्याचे अपत्य पाहिले की अरण्यात जावे, असे सांगितले आहे. (होय तिरकीरेघ, मनूनेच. ओरडू नका.) आम्ही उभयतांनी तिन्ही अटी पूर्ण केल्या आणि अरण्याऐवजी न्यू जर्सीला गेलो. सहा महिने नातवाची दुपटी बदलली. मागे वाघ नाही, पण समोर डिशवॉशर. परतल्यावर हिने सांगितले, पुढच्या वेळी मी वानप्रस्थ इथेच करीन, तुम्ही जा.

तिरकीरेघ | ५:२५

काका, ओरडत नाहीये, हसतोय. मनू गेला खड्ड्यात, पण काकूंचा वानप्रस्थ मंजूर.

कंदिलाचीकाच | ५:३१

काकूंना इथे आयडी काढून द्या हो. त्यांच्याकडून ऐकायचंय.

सायीचीवाटी | रात्री ९:४५

मी फार काही वाचलेलं नाही, योगवर्गात जाते एवढंच. तिथे बाईंनी पतंजलीचं एक सूत्र सांगितलं होतं: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं करणाऱ्याबद्दल मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याकडे उपेक्षा. याने चित्त प्रसन्न राहतं. (आसनांवर त्या ग्रंथात तीनच सूत्रं आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही गुडघे धरून ऐकत होतो.)

गेल्या वर्षी माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी माझी वरिष्ठ झाली. ती हुशारच आहे आणि ते पद तिचंच होतं, हेही मला कळत होतं. करुणा मला सहज येते, कोणी रडलं की मी पहिली. उपेक्षा तर नणंदेमुळे पक्की झाली आहे. मुदिता मात्र जमेना. अभिनंदनाचा मेसेज चार वेळा लिहून खोडला. शेवटी ठरवलं, आनंद नाही होत तर नाही, पण तिने कोणतं काम चांगलं केलं ते शोधून तेवढंच लिहायचं. लिहिलं. तिचा फोन आला आणि ती रडली, कारण ऑफिसात कोणीच धड बोललं नव्हतं. मग काय, करुणा आली आणि मी सुटले.

मुदितेचं अजून बाकीच आहे.

अकराव्यादिवशी | ९:५८

सायीचीवाटी, चार वेळा खोडलंत हे लिहिल्याबद्दल विशेष आभार. आमच्याकडेही हेच चार आहेत: मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा. तिसऱ्यावर मीही अडकलोय. भाऊ नवी गाडी घेऊन आला होता.

तिरकीरेघ | १०:२०

मघाशी म्हणालो ना, ग्रंथ कशाला हवा? सायीचीवाटींचा प्रतिसाद वाचून थोडा मागे येतो. ‘मुदिता’ हा शब्दच माझ्याकडे नव्हता. दुसऱ्याचं बरं झालं की पोटात दुखतं, त्याला आपल्याकडे वाक्प्रचार आहे. आनंद होतो त्याला एक शब्द सांगा बघू रोजच्या बोलण्यातला? नावच नसेल तर माणूस ते शोधेल तरी कसं?

‘आपलं’ अजून अडकतंय. ते अडकूच दे.

घाटवाट | पुढचा मंगळवार, रात्री ९:०५

धागा वर काढतोय, क्षमस्व. अपडेट द्यायचं राहिलं होतं.

तिरकीरेघ यांचं एक्सेल आणि नीरक्षीरे यांचं उद्योगपर्व दोन्ही वापरलं. वर्षभरात सोडून गेलेल्या सहकाऱ्याचं कोणतं काम मी केलं याची महिनावार यादी केली. मग वेळ मागून साहेबांकडे गेलो आणि पाच गोष्टी मागितल्या. चार नावानिशी: वाढीचा फेरविचार, रिकाम्या जागी माणूस, शनिवारचा सपोर्ट आळीपाळीने, आणि पदनामात बदल. पाचवी मुद्दाम मोकळी ठेवली. म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते.

गीतेचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. “अजून फळाचंच चाललंय का?” मी म्हटलं, “सर, हे चालू आहे ते त्याच्या आधीचं पर्व आहे.” त्यांना कळलं नाही. मला मात्र बोलताना आवाज कापला नाही, याचं बरं वाटलं.

निकाल: वाढीला नकार, ‘पुढच्या सायकलमध्ये बघू’. पदनाम तसंच. शनिवार आळीपाळीने, मान्य. माणूस घेणार, तशी जाहिरात काल निघाली. दुसरीकडे अर्ज करायला मीही सुरुवात केली आहे, तेही त्यांना सांगून.

पाचवं गाव त्यांनी तिथल्या तिथे दिलं. बेसमेंटमधली राखीव पार्किंगची जागा, लिफ्टच्या शेजारीच.

टिकटिकवाला | ९:११

अभिनंदन! पाचातली तीन मिळाली, दुर्योधनापेक्षा साहेब बरे. गाडी कोणती?

घाटवाट | ९:१४

गाडी नाहीये. मी कंपनीच्या बसने जातो.